रिकाम्या गप्पांचे काम

कामाच्या मधल्या वेळेत चार माणसे चहाभोवती जमली की त्यांच्या बोलण्यात ज्या विषयांची हमखास वर्णी लागते, त्यांत नुकत्याच निवर्तलेल्या एखाद्या नटाची किंवा गायिकेची आठवण, वरिष्ठांच्या कारभाराची चिकित्सा आणि परदेशी राहून आलेल्या माणसाच्या उच्चारांची नक्कल हे तीन विषय बरेच वर धरावे लागतील. या बोलण्यातून कोणाच्या पदरात काही पडत नाही, कोणाचे काम पुढे सरकत नाही, आणि तरीही ते एका पिढीकडून दुसरीकडे न शिकवता जाते. मराठीत अशा बोलण्याला शब्द पुष्कळ आहेत. कोकणात त्याला गजाली म्हणतात, शहरात गप्पा किंवा टाइमपास म्हणतात. पण चकाट्या पिटणे, वायफळ बडबड, कुटाळक्या, उखाळ्यापाखाळ्या हे इतर शब्द पाहिले तर त्यांतले बहुतेक या बोलण्याला कमी लेखणारेच आहेत. ज्या समाजाने गावात वडापिंपळाभोवती पार बांधले, चावड्या राखल्या आणि शहरात आल्यावर पहिल्या काही दिवसांत आपला कट्टा शोधून काढला, त्याच समाजाच्या भाषेने पारावरच्या बोलण्याला असे हिणवावे, हा विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. मानवशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषाविज्ञान या तीन शास्त्रांनी गेल्या शंभर वर्षांत या बोलण्याचा जो अभ्यास केला, त्याचा निर्वाळा मात्र गप्पांच्या बाजूने आहे. गप्पा हे काम आहे, आणि ते कोणाला करू दिले जाते व कोणाला नाही, यावर माणसाचे समूहातले स्थान ठरते.

या अभ्यासाचा आरंभ ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की या पोलिश मानवशास्त्रज्ञापासून धरला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून त्याने तिथल्या लोकजीवनाचे निरीक्षण केले, आणि 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे दाखवले की माणसे प्रत्येक वेळी काही सांगण्यासाठी बोलत नाहीत. हवापाण्याची चौकशी, जे सर्वांना दिसतेच आहे त्याचा पुनरुच्चार, भेटल्यावर विचारले जाणारे ‘काय, कसं काय?’ या साऱ्यांत माहिती जवळजवळ शून्य असते; त्यांचे काम दोन माणसांमधली शांतता, जी अनोळखी माणसाच्या बाबतीत धोक्याची वाटते, ती मोडून त्यांना एकमेकांशी बांधण्याचे असते. या प्रकाराला त्याने ‘फॅटिक कम्युनिअन’ असे नाव दिले. यातला पहिला शब्द ग्रीक भाषेतील ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे आणि दुसऱ्याचा अर्थ एकत्र येणे असा होतो. मराठीत त्याला ‘बोलण्याने जुळणारी जवळीक’ असे म्हणता येईल. ‘जेवलात का?’ असे विचारणारी शेजारीण उत्तर काय येते याची वाट पाहत नाही, आणि तिला ‘हो, वरणभात आणि वांग्याची भाजी होती’ असे तपशीलवार उत्तर मिळाले नाही म्हणून ती रागावतही नाही, यामागे हेच तत्त्व आहे.

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1996 मधल्या आपल्या ग्रंथात हा विचार उत्क्रांतीपर्यंत मागे नेला. माकडे एकमेकांच्या अंगावरची घाण व किडे वेचत तासन्‌तास बसतात, आणि या क्रियेचा हेतू स्वच्छतेपेक्षा मैत्री राखणे हा अधिक असतो. पण एका वेळी एकाच साथीदाराची निगा राखता येत असल्याने कळप फार मोठा झाला की दिवस पुरेनासा होतो. बोलणे मात्र एकाच वेळी दोघातिघांपर्यंत पोचते आणि ते करताना हात मोकळे राहतात. म्हणून मोठ्या समूहात राहणाऱ्या मानवाने वेचण्याची जागा बोलण्याला दिली, असा डनबारचा सिद्धान्त आहे. तो सर्व अभ्यासकांना मान्य आहे असे नाही, आणि लाखो वर्षांपूर्वीच्या घडामोडींविषयीचे अनुमान म्हणून तो जपूनच घ्यायला हवा. परंतु त्याच्या सहकाऱ्यांनी सार्वजनिक ठिकाणची संभाषणे ऐकून केलेली मोजणी अधिक ठोस आहे. तीनुसार माणसांच्या मोकळ्या बोलण्याचा सुमारे दोन तृतीयांश वेळ कोण कोणाशी कसे वागले यांसारख्या सामाजिक विषयांत जातो, आणि हे प्रमाण पुरुषांत व स्त्रियांत जवळपास सारखेच असते. गप्पा हा बायकांचा उद्योग, या समजुतीला या मोजणीत आधार सापडत नाही.

तिसरे नाव मॅक्स ग्लकमन या मानवशास्त्रज्ञाचे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर राहणाऱ्या मकाह या आदिवासी जमातीविषयीच्या एलिझाबेथ कोल्सन यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन त्याने 1963 मध्ये असे मांडले की एखाद्याविषयी मागे बोलण्याचा अधिकार हा सभासदत्वाचा बिल्ला असतो. मकाह लोक एकमेकांची उणीदुणी काढण्यात कधी थकत नसत, पण ते करण्याचा हक्क त्यांच्यातल्याच माणसाला होता. घरातल्या माणसाने काकांच्या चिकटपणाची थट्टा केली तर सगळे हसतात, आणि तेच वाक्य नव्या जावयाने उच्चारले तर ताटावर शांतता पसरते, हा मराठी घरांतला अनुभव ग्लकमनचे म्हणणे कळण्यास पुरेसा आहे. सामील होण्याची परवानगी कोणी लेखी देत नाही, तरीही ती कधी मिळाली आणि कधी नाही हे प्रत्येकाला कळते.

या प्रकाशात पाहिले की प्रसिद्ध व्यक्तीचा मृत्यू हा गप्पांचा इतका हुकमी विषय का आहे हे उलगडते. ओळखीच्या माणसाविषयी बोलताना ऐकणाऱ्याला ते माणूस ठाऊक असावे लागते, आणि दोन अनोळखी माणसांत असा सामाईक परिचित बहुधा नसतो. ती उणीव चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांनी भरून काढली. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्ये या एकतर्फी ओळखीला ‘पॅरासोशल’ असे विशेषण लावले. प्रेक्षक कलावंताला वर्षानुवर्षे पाहतो, त्याच्या आवाजाचे चढउतार त्याला घरच्या माणसासारखे पाठ होतात, आणि त्या कलावंताला मात्र प्रेक्षकाचे अस्तित्वही माहीत नसते. ही ओळख एकतर्फी असली तरी खोटी नसते. 6 फेब्रुवारी 2022 रोजी वयाच्या 92 व्या वर्षी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा ज्यांनी त्यांना एकदाही प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशा असंख्य घरांत त्या दिवशी घरातले कोणी गेल्यासारखे वातावरण होते, आणि त्या भावनेला दिखाऊ म्हणणे अन्यायाचे ठरेल. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले, तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता, हा तपशील कितीतरी मराठी माणसे आपल्या नात्यातल्या कोणाविषयी सांगावा तसा आजही सांगतात.

अशा बातमीनंतरचे संभाषण एका ठरलेल्या वळणाने जाते. प्रथम वय विचारले जाते, मग आजार, आणि मग ‘कळलं तेव्हा मी अमुक ठिकाणी होतो’ ही फेरी सुरू होते, जिच्यात प्रत्येकाला आपली पाळी घ्यावीशी वाटते. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी 1977 मध्ये अशा आठवणींना कॅमेऱ्याच्या झगमगत्या दिव्यावरून ‘फ्लॅशबल्ब’ आठवणी असे नाव दिले, कारण अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी ऐकतानाचे दृश्य छायाचित्रासारखे मनावर उमटल्याचे लोक सांगत होते. पुढे उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी या विश्वासाची परीक्षाच घेतली. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर लगेच नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटा येथील एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, ती बातमी त्यांना कुठे, कोणाकडून आणि काय करत असताना कळली, हे लिहून घेण्यात आले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा 11 जणांचे उत्तर प्रत्येक मुद्द्यावर चुकले होते, आणि चुकणाऱ्यांनाही आपल्या आठवणीविषयी खात्री वाटत होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परतली नाही. याचा अर्थ ते खोटे बोलत होते असा नव्हे. अशी आठवण चार ठिकाणी सांगितली जाते, सांगताना घडत जाते, आणि तिच्यावरचा हक्क सांगणाऱ्याला त्या मोठ्या घटनेशी आणि ऐकणाऱ्यांशी जोडून घेतो. तिची किंमत साक्षीपुराव्याची नसून सोबतीची असते.

बोलण्याच्या या ओढीमुळेच मृत्यूची बातमी खरी ठरण्याआधी धावू लागते. याचे सर्वांत गंभीर भारतीय उदाहरण 22 मार्च 1979 चे आहे. त्या दिवशी मुंबईत जसलोक रुग्णालयात उपचार घेत असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा थेट लोकसभेत झाली, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने बातमी दिली, आणि जयप्रकाश मात्र जिवंत होते. त्यांचे निधन 8 ऑक्टोबर 1979 रोजी झाले. खोट्या बातमीने माणसाचे आयुष्य वाढते असे मराठीत म्हणतात, आणि या म्हणण्यात चूक झालेल्या बोलणाऱ्याला सावरून घेण्याची एक समंजस सोयही आहे, कारण बातमी देण्याची घाई ही दुष्टपणाची खूण नसून आपण आतल्या गोटातले आहोत हे दाखवण्याची माणसाची जुनी गरज आहे.

मृत्यूवरच्या विनोदांचा प्रश्न याहून नाजूक आहे. चॅलेंजरच्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेत त्यावरचे क्रूर विनोद तोंडोतोंडी पसरले, आणि लोकांची संवेदना मेली असा निष्कर्ष अनेकांनी काढला. एलियट ऑरिंग या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने 1987 मध्ये वेगळे कारण सुचवले. दूरचित्रवाणी एका क्षणी अपघाताची दृश्ये दाखवते, दुसऱ्या क्षणी जाहिरात दाखवते, आणि वर प्रेक्षकाने कोणत्या शब्दांत व किती शोक करावा हेही तीच ठरवते. विनोद करणारा मृताची टर उडवत नसतो, तर शोकाच्या या तयार साच्याला नकार देत असतो, असे त्याचे म्हणणे आहे. हे विवेचन पटण्यासारखे असले तरी त्याची मर्यादा ओळखायला हवी. विनोद ज्या वर्तुळात जन्मतो त्याच्या बाहेर, मृताच्या आप्तांच्या कानी पोचतो तेव्हा तो विनोद राहत नाही, आणि आज मोबाइलवरून एका गटातला मजकूर दुसऱ्यात जायला क्षणही लागत नाही. पूर्वी पारावरचे बोलणे पारावर विरून जाई. लिहिलेले बोलणे विरत नाही, हा फरक अजून समाजाच्या अंगवळणी पडलेला नाही.

कामाच्या जागी गप्पांकडे प्रथम चोरी म्हणूनच पाहिले गेले. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने 1911 मध्ये मांडलेल्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’त प्रत्येक हालचालीचा वेळ घड्याळाने मोजून कामाची एकच उत्तम पद्धत ठरवायची आणि कामगाराने तिच्याबरहुकूम वागायचे, अशी कल्पना होती, तीत बोलण्याला जागा नव्हती. या समजुतीला पहिला मोठा धक्का शिकागोजवळच्या सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात बसला. तिथे 1924 पासून सुमारे आठ वर्षे प्रकाश, विश्रांती, वेतन आणि उत्पादन यांचा संबंध शोधण्याचे प्रयोग चालले, आणि हार्वर्डचे एल्टन मेयो त्यांचे सर्वांत प्रसिद्ध भाष्यकार झाले. दूरध्वनीयंत्रणेचे सुटे भाग जोडणाऱ्या मोजक्या तरुणींना वेगळ्या खोलीत बसवून केलेला प्रयोग पाठ्यपुस्तकांत नेहमी येतो, पण त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत या कारणावरून त्यांतल्या दोघींना 1928 च्या आरंभी काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणण्यात आल्या. मोकळ्या वातावरणाने उत्पादन वाढते असे सांगणाऱ्या प्रयोगाच्या पायाशीच ही घटना आहे, आणि पुढच्या टीकाकारांनी त्याच्या निष्कर्षांवर घेतलेले आक्षेप वजनदार आहेत.

त्याच कारखान्यातली 1931-32 मधली दुसरी पाहणी अधिक विश्वासार्ह वाटते. तारा जोडण्याच्या खोलीत काम करणाऱ्या 14 पुरुषांना कोणताही बदल न करता नुसते पाहिले गेले. त्यांनी आपापसांत दिवसाच्या कामाचा एक वाजवी आकडा ठरवला होता. त्याहून जास्त करणारा, त्याहून कमी करणारा आणि साहेबाकडे चुगली करणारा, अशा तिघांसाठी तीन निरनिराळी हिणकस नावे होती, आणि मर्यादा ओलांडणाऱ्याच्या दंडावर एक ठोसा बसे, ज्याला उलट एकच ठोसा देण्याची मुभा होती. थट्टा, टोपणनावे आणि हे ठोसे मिळून त्या खोलीची एक न लिहिलेली नियमावली बनली होती, आणि तिची पकड कंपनीच्या नियमांपेक्षा घट्ट होती.

या विषयावरचा सर्वांत जिवंत लेख मात्र डोनाल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञाचा आहे. ‘बनाना टाइम’ या नावाने 1959 मध्ये तो प्रसिद्ध झाला. रॉयने एका कारखान्याच्या बाजूच्या खोलीत, साच्याने तुकडे कापण्याच्या यंत्रावर, दिवसाला बारा तास आणि आठवड्याला सहा दिवस स्वतः काम केले. साचा ठेवायचा, यंत्र दाबायचे, साचा उचलायचा. याशिवाय त्या कामात काही नव्हते, आणि पहिल्या आठवड्यात आपण वेडे होऊ असे त्याला वाटले. हळूहळू त्याच्या लक्षात आले की खोलीतले तीन वयस्क कामगार दिवसाचे तुकडे पाडत आहेत. सकाळी एक जण डब्यातली पीच फळे सर्वांत वाटी, ती ‘पीचची वेळ’. त्यानंतर दुसरा त्या पहिल्याच्याच डब्यातले केळे पळवून ‘केळ्याची वेळ झाली’ असे ओरडत खाऊन टाकी, केळ्याचा मालक चिडे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी केळे आणी. ते त्याला एकदाही खायला मिळाले नाही. मग खिडकी उघडून थंड वारा आत सोडण्यावरून भांडण होई, ती ‘खिडकीची वेळ’. याच विनोदांची रोज पुनरावृत्ती होई आणि रोज हसू येई, कारण त्यातला विनोद महत्त्वाचा नव्हता. घड्याळाच्या सपाट वेळेवर माणसांनी उभे केलेले ते मैलाचे दगड होते.

रॉयच्या लेखाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. तिघांपैकी जो प्रमुख मानला जाई, त्याची मुलगी एका प्राध्यापकाच्या घरी दिली होती, आणि हा प्राध्यापक व्याही त्याच्या अभिमानाचा विषय होता. एकदा थट्टेच्या भरात रॉयने आणि दुसऱ्या कामगाराने मिळून असे ठोकून दिले की तो प्राध्यापक न्हाव्याचे काम शिकवणाऱ्या शाळेत शिकवतो. प्रमुखाचा चेहरा उतरला, त्याने बोलणे बंद केले, आणि त्याबरोबर केळे, पीच, खिडकी हे सारे थांबले. जवळपास दोन आठवडे खोलीत फक्त यंत्रांचा आवाज राहिला, आणि रॉयने नोंदवले आहे की पहिल्या आठवड्यातला शारीरिक थकवा याच काळात परत आला. काम तेच होते. बोलणे गेले होते.

थट्टेला मर्यादा असते आणि ती मर्यादा नाते ठरवते, हे रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने 1940 मध्ये ‘थट्टेची नाती’ या कल्पनेतून स्पष्ट केले होते. काही नात्यांत चिडवणे हा हक्क असतो आणि चिडवून घेणाऱ्याने न रागावणे हे कर्तव्य असते, तर काही नात्यांत अंतर राखणे बंधनकारक असते. दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेहुणी यांच्यातली थट्टा आणि सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेणारी सून ही याची मराठी घरातली दोन टोके आहेत. कचेरीत अडचण अशी की तिथे नाते आधी ठरलेले नसते आणि अधिकार मात्र ठरलेला असतो. रोझ कोझर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने 1960 मध्ये एका मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बैठकींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्येष्ठांनी केलेल्या विनोदांचा रोख कनिष्ठांवर असे, कनिष्ठांनी मात्र समोर बसलेल्या ज्येष्ठावर विनोद केला नाही, आणि बैठकीत बहुतेक सारे विनोद पुरुषांनीच केले. हसण्याचा प्रवाहही उतारावरूनच वाहतो. म्हणून साहेबांची चिकित्सा त्यांच्या पाठीमागे होते, आणि जेम्स स्कॉट या राज्यशास्त्रज्ञाच्या मते असे आडोशाचे बोलणे हे दुबळ्यांना सहज उपलब्ध असलेले, आणि म्हणूनच जपण्याजोगे, स्वातंत्र्य असते. जो वरिष्ठ चहाच्या टेबलाजवळ येताच बोलणे थांबते, त्याने ते बोलणे बंद पाडण्यापेक्षा ते का थांबते याचा विचार करावा.

व्यवस्थापनाला आकड्यांचीच भाषा कळत असेल तर आकडेही आहेत. अमेरिकेतल्या एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये कर्मचाऱ्यांना आळीपाळीने विश्रांती दिली जाई, म्हणजे एका गटातले दोघे एकाच वेळी चहाला भेटू नयेत अशी रचना होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अॅलेक्स पेंटलंड यांनी 2012 मध्ये लिहिल्याप्रमाणे, ती बदलून एका गटाला एकाच वेळी सुट्टी दिल्यावर मागे पडलेल्या गटांत एक फोन हाताळण्याचा वेळ 20 टक्क्यांहून अधिक आणि संपूर्ण केंद्रात 8 टक्क्यांनी घटला. खर्च शून्य होता.

आता उरतो तो उच्चारांचा विषय, आणि गप्पांचा उंबरठा सर्वांत उघडपणे दिसतो तो इथेच. बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात सांगितले आहे की यार्देन नदीच्या उतारावर पकडलेल्या माणसाला ‘शिब्बोलेथ’ हा कणसासाठीचा हिब्रू शब्द उच्चारायला लावत, आणि ज्याच्या तोंडून ‘श’ ऐवजी ‘स’ निघे तो एफ्राइम या शत्रुकुळातला ठरून मारला जाई. अशा 42,000 जणांचा वध झाल्याचे तिथे म्हटले आहे. ‘शाळा’ आणि ‘साळा’, ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांवरून माणसाचे गाव, जात आणि शिक्षण यांचा हिशेब क्षणात मांडणाऱ्या महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘ती फुलराणी’ मराठी रंगभूमीवर इतके सहज रुजले, याचे कारण उच्चाराने माणसाची पायरी ठरवण्याची रीत इथेही तितकीच मुरलेली आहे.

उच्चार समाजातल्या पायरीशी किती घट्ट बांधलेला असतो हे विल्यम लबोव या भाषावैज्ञानिकाने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत मोजले. महागड्या, मध्यम आणि स्वस्त अशा तीन दुकानांतल्या 264 कर्मचाऱ्यांना त्याने अशी वस्तू कुठे मिळेल असे विचारले की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेच यावे. या दोन शब्दांतला ‘र’ पूर्ण किंवा अंशतः उच्चारणारे महागड्या दुकानात 62 टक्के, मध्यम दुकानात 51 टक्के आणि स्वस्त दुकानात 20 टक्के निघाले. त्या शहरात ‘र’ उच्चारणे प्रतिष्ठेचे होते, लंडनमध्ये तोच ‘र’ गाळणे प्रतिष्ठेचे आहे. म्हणजे ध्वनीत प्रतिष्ठा नसते, ती बोलणाऱ्यांच्या स्थानावरून त्याला चिकटते.

मराठी माणूस परदेशात इंग्रजी बोलतो तेव्हा अडचण बहुधा शब्दांची नसते. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचा प, ट, क थोडा श्वास सोडून, म्हणजे ‘फ, ठ, ख’कडे झुकवून उच्चारतात, आणि मराठी माणसाचा कोरडा ‘प’ इंग्रज कानाला कधी ‘ब’ वाटतो. इंग्रजीत ‘व’ दोन आहेत, एक दात ओठावर टेकवून आणि दुसरा ओठांचा चंबू करून काढलेला. मराठीचा एकच ‘व’ दोन्हींचे काम करतो. सर्वांत मोठा फरक आघाताचा आणि हेलाचा आहे, कारण इंग्रजी शब्दातले एखादेच अक्षर जोराने बोलून बाकीची गिळते आणि मराठी प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देते. पण वेगळा उच्चार म्हणजे न कळणारा उच्चार नव्हे. कॅनडातल्या मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 मध्ये दाखवले की ज्या बोलण्याचा ‘परका हेल फार जड’ असे श्रोते सांगत होते, त्याच बोलण्यातला शब्द न्‌ शब्द ते बिनचूक लिहूनही काढत होते.

अन्याय नेमका या ठिकाणी होतो. शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कायझर यांनी 2010 मध्ये, जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहू शकतो, यांसारखी विधाने निरनिराळ्या माणसांकडून वाचून घेतली. विधाने त्या माणसांची नाहीत, ती फक्त वाचून दाखवत आहेत, हे श्रोत्यांना सांगितले होते. तरीही परक्या हेलात ऐकलेले विधान त्यांना कमी खरे वाटले. ऐकायला श्रम पडले की मेंदू त्या श्रमाचे खापर विधानाच्या सत्यतेवर फोडतो. कामाच्या मुलाखतीत किंवा रुग्णाने डॉक्टरला वेदना सांगताना या एका प्रवृत्तीची किती किंमत मोजावी लागत असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

1990 च्या दशकाच्या अखेरीपासून गुरुग्राम, बेंगळुरू, पुणे, मुंबई येथे उभ्या राहिलेल्या कॉल सेंटरांत तरुणांना जे ‘न्यूट्रल ॲक्सेंट’चे, म्हणजे कोणत्याच गावाचा नसलेला उच्चार काढण्याचे, शिक्षण दिले गेले, त्यात उच्चाराबरोबर ग्राहकाच्या गावची हवा आणि तिथले खेळ यांवर दोन वाक्ये बोलण्याचाही धडा असे. मालिनोव्हस्कीने बेटावर पाहिलेली जवळीक इथे पगारी काम झाली, आणि रात्रपाळीत ती करणाऱ्याला अनेकदा आपले नावसुद्धा बाहेर ठेवावे लागले.

उलट दिशेचा दंडही आहे. इंग्लंड-अमेरिकेत काही वर्षे राहून आलेल्या माणसाच्या मराठीचा किंवा इंग्रजीचा सूर बदलला की तो शिष्टपणा करतो असे घरचे म्हणतात आणि त्याची नक्कल होते. हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस ज्याच्याशी जुळवून घेऊ पाहतो त्याच्या बोलण्याकडे त्याचे बोलणे नकळत सरकते, आणि ज्याच्यापासून अंतर राखायचे त्याच्यापासून दूर जाते. सूर बदलणे ही बहुतेक वेळा मिसळण्याच्या धडपडीची खूण असते. लंडनमध्ये 1932 पासून महाराष्ट्र मंडळ चालू आहे, त्यामागे सणवारांइतकीच आपल्या सुरात निर्धास्त बोलता येण्याची गरजही असणार.

जॉन गम्पर्झ या भाषावैज्ञानिकाने ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहाचे उदाहरण नोंदवले आहे, आणि या साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आहेत अशी वरिष्ठांची आणि सामान वाहणाऱ्या कामगारांची तक्रार होती, आणि आपल्याला वेगळे वागवले जाते असे त्या स्त्रियांना वाटत होते. ध्वनिमुद्रण तपासल्यावर सापडला तो एकच शब्द. मांसावर रस्सा हवा का हे विचारताना इंग्रज वाढपीण ‘ग्रेव्ही?’ असे सूर वर नेत म्हणे, जो प्रश्न होता; या स्त्रिया ‘ग्रेव्ही’ असे सूर खाली आणत म्हणत, आणि इंग्रज कानाला ते ‘हा रस्सा आहे, घ्या नाहीतर सोडा’ असे ऐकू येई. त्यांच्या मातृभाषेच्या रीतीने तो उतरता सूर नम्र प्रश्नाचाच होता. दोन्ही बाजूंना एकत्र बसवून ते मुद्रण ऐकवले गेले, आणि शिकवणाऱ्यांनी फरक उलगडून सांगितला, तेव्हा आपल्याविषयी लोक असे का वागत होते हे त्या स्त्रियांना कळले, आणि त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा कधी नव्हताच हे वरिष्ठांना कळले.